रंग पालटणारा थेंब

तेविसावा थेंब पडल्यावर एन्नोच्या लक्षात आलं, की आज 'बास' म्हणायला घरात कुणी नाही.

काचेची कुपी त्याने नेहमीसारखी खिडकीच्या उजेडात धरली होती. तळाला घरातल्या प्रवाळांच्या काचटाकीतलं पाणी, त्यात रंग देणाऱ्या द्रवाचे दोन ठिपके, आणि उजव्या हातात आम्लाची पांढरी बाटली. थेंब टाकायचा, कुपी गोल फिरवायची, आकडा म्हणायचा, पुढचा थेंब. हात आपोआप चालले होते आणि तोंडही. वीस, एकवीस, बावीस. सोळाच्या आसपास सोफ्याकडून बायकोचा, आल्मुटचा आवाज यायचा आणि तो थांबायचा, इतकी त्याच्या हाताला सवय, की आवाज आला नाही म्हणून हात पुढेच गेला, उतारावर सोडलेल्या सायकलसारखा. चोविसाव्या थेंबासाठी तिरपी केलेली बाटली त्याने सरळ केली. सोफ्यावर पाहिलं. सोफ्यावर उशी होती. मग त्याने कुपीत पाहिलं. कुपीत करडं पाणी होतं. सुरुवातीला करडं होतं, आताही करडंच होतं. ज्याला इतर लोक हिरवट निळं म्हणतात आणि ज्याला गुलाबी म्हणतात, ते दोन्ही एन्नोच्या डोळ्यांना एकच दिसायचं, ब्रेमेनच्या फेब्रुवारीतल्या आभाळासारखं. इतकी वर्षं तो पाणी मोजत होता आणि ते पालटताना त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

आल्मुट जानेवारीत गेली. भांडण झालं नाही. एका शनिवारी न्याहारीला तिने अंड्याचं टोक चमच्याने उडवलं आणि म्हणाली, "मी नदीपलीकडे एक जागा घेतलीये, एन्नो. छोटी आहे. एकटीपुरती." त्याने विचारलं, "का?" ती म्हणाली, "तू विचारशील असं वाटलं नव्हतं." एवढंच. नंतर खोकी, तिच्या भाच्याची गाडी, आणि जिन्यात वर-खाली होणारी पावलं. त्या दिवशी एन्नो टाकीच्या मागच्या बाजूची काच घासत होता. मदत करावी असं त्याला वाटत होतं, पण कोणत्या खोक्याला हात लावला तर काय अर्थ होईल ते कळत नव्हतं, म्हणून तो काच घासत राहिला. त्यानंतरच्या रविवारी त्याने पाणी मोजलं नाही. त्याच्या पुढच्या चारही रविवारी नाही. आज सकाळी दिवे लागल्यावर मात्र मोठ्या प्रवाळाच्या फांद्यांची टोकं त्याला पांढरी दिसली. पांढरं त्याला दिसायचं. पांढऱ्याच्या बाबतीत तो इतर माणसांसारखाच होता.

टाकी भिंतभर होती. नवरा-बायको दोघंच राहणाऱ्या घरात ती हळूहळू तिसऱ्या माणसासारखी होऊन बसली होती: तिचं खाणं, तिचा उजेड, तिचं तापमान, तिची दुखणी. पाण्याची क्षारता म्हणजे काय, हे तो पाहुण्यांना फार आवडीने सांगायचा. प्रवाळ हा जीव पाण्यातून क्षार ओढून घेतो आणि स्वतःची हाडं बांधतो. त्यासाठीचा माल पाण्यात किती शिल्लक आहे ते बघायचं, तर त्यात आम्ल थेंबाथेंबाने सोडायचं. पाणी ते आम्ल पचवत जातं. कितीही टाका, वरून काही दिसत नाही. आणि मग एका थेंबाला पचवण्याची ताकद संपते आणि रंग पालटतो. किती थेंब पचले ते मोजायचं. त्याच्या कुपीत दोन थेंबांचा एक अंश. "जर्मन अंश," तो कौतुकाने म्हणायचा, "जगभर लोक आपल्याच अंशात मोजतात." पाहुणे माना डोलवायचे. आल्मुट केकचे तुकडे करायची. आठ अंश म्हणजे उत्तम. गेल्या वर्षी तर त्याच्या टाकीत उन्हाळा गेला, हिवाळा आला, आठ म्हणजे आठ. प्रवाळ पाळणाऱ्यांच्या क्लबातल्या मंडळींना त्याचा हेवा वाटायचा. कुणाचं सात होई, कुणाचं साडेनऊ, पण एन्नो वुबेनांच्या टाकीतलं पाणी हलत नाही, असं ते म्हणायचे.

आता त्याने कुपी धुतली आणि नवीन पाणी घेतलं. या वेळी दिव्याखाली पाहिलं, मग पांढऱ्या कागदावर ठेवून, मग एक डोळा मिटून. कुठेतरी अठराच्या पुढे पाणी जरा मळकं झाल्यासारखं वाटलं, पण ते वाटणं होतं की दिसणं, हे त्याला ठरवता येईना. तो सोळा वर्षांचा असताना एम्डेनच्या एका डॉक्टरने त्याच्यासमोर ठिपक्यांची पानं धरली होती. प्रत्येक पानात एक आकडा दडलेला आहे असं डॉक्टर म्हणत होता आणि एन्नोला ठिपकेच दिसत होते, सगळीकडे ठिपके, धुक्यात पडलेल्या वाटाण्यांसारखे. त्याने अंदाजाने सांगायला सुरुवात केली. सात. तीन. बारा. डॉक्टरने पानं खाली ठेवली आणि फार मायेने म्हणाला, "पोरा, लाल दिवा आणि हिरवा दिवा वेगळा दिसत नसेल, तर जहाजावर काय करशील?" बाहेर व्हरांड्यात वडील टोपी मांडीवर ठेवून बसले होते. ते स्वतः मालवाहू जहाजावर सुकाणू धरायचे, त्यांचे वडीलही, आणि एन्नोने दुसरं काही करायचं असतं हे त्या घरात कुणाच्या मनात आलं नव्हतं. परत येताना वडिलांनी धक्क्यावर त्याला मासा घातलेला पाव घेऊन दिला. दोघांनी उभ्यानेच खाल्ला. वडिलांनी त्याच्या कोटावरचा कांद्याचा तुकडा झटकला. पुढे एन्नो ब्रेमेनला आला, बंदरातल्या एका माल पाठवणाऱ्या कचेरीत लागला, आणि सगळी नोकरी त्याने दुसऱ्यांची जहाजं कागदावर हलवण्यात घालवली. समुद्र घरात आणला तो नंतर.

आल्मुट भेटली ती बाजारात. तो टोमॅटो निवडत होता, एकेक दाबून, आणि शेजारी उभी असलेली उंच मुलगी म्हणाली, "तुम्ही सगळे कच्चे उचललेत." त्याने पिशवी तिच्यापुढे धरली. "मग तुम्हीच भरा." तिने भरले. ती दातांच्या प्रयोगशाळेत काम करायची. खोट्या दाताचा रंग माणसाच्या खऱ्या दातांशी जुळवायचा, हे तिचं काम. पांढऱ्याच्या इतक्या छटा असतात हे त्याला तिच्याकडून कळलं. ती त्याच्या आयुष्यात आली आणि त्याच्या मोज्यांच्या जोड्या जुळायला लागल्या, मांस नीट शिजलंय की नाही हे कळायला लागलं, आणि पुढे टाकी आली तेव्हा पाणी मोजणंही ओघानेच दोघांचं काम झालं. तो थेंब टाकणार, ती रंग बघणार. पहिल्यांदा ती त्याच्या खांद्यावर हनुवटी ठेवून बघायची. मग शेजारी उभी राहून. मग टेबलाशी बसून. सोफ्यावरून कधीपासून, हे त्याला आठवेना. तो खूप वेळ आठवत बसला. माणूस खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत जातं आणि आपल्याला त्याचा आवाज तेवढाच ऐकू येत राहतो, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्याला उगाच थंडी वाजली आणि त्याने टाकीचं तापमान पाहिलं.

शेवटी कुपी, बाटली आणि टाकीतल्या पाण्याचा पेला ट्रेमध्ये ठेवून तो समोरच्या दारावर गेला. केटेल्सनबाई ऐंशीच्या पुढच्या होत्या. त्यांनी आधी साखळीच्या फटीतून पाहिलं, मग ट्रे पाहिला.

"काय झालं, वुबेना? लघवीची तपासणी करायचीये का?"

"नाही हो. समुद्राचं पाणी आहे. तुम्ही मला फक्त रंग सांगायचा."

"कसला रंग?"

"आत्ता आहे तो. आणि पालटला की तो."

बाईंनी चष्मा शोधला, टेबलावरचे पत्ते बाजूला सारले आणि परीक्षेला बसल्यासारख्या ताठ बसल्या. एन्नोला परक्या स्वयंपाकघरात मोठ्याने आकडे म्हणायची लाज वाटली. तो मनातल्या मनात मोजत राहिला.

"हिरवट निळा," बाई म्हणाल्या. "बदकाच्या मानेवर असतो तसा. छान आहे. माझ्याकडे असा झगा होता." तो थेंब टाकत राहिला. "तसाच आहे. तसाच आहे. अजून तसाच." सोळा गेले. अठरा गेले. "तुम्ही थकलात का? मधेच थांबलात."

"नाही, नाही. बघा तुम्ही."

"आता जरा राखाडी झालं. हं, हे बघा! गुलाबी! डुकराच्या पिलासारखं."

सव्वीस थेंब. तेरा अंश. एन्नो म्हणाला, चूक झाली असेल, पुन्हा करू या. बाईंना मजा वाटायला लागली होती. दुसऱ्या वेळी त्यांनी खुर्ची पुढे ओढली. पुन्हा सव्वीस. तो ट्रे आवरू लागला तेव्हा त्यांनी विचारलं, "हे आल्मुट बघायची ना?"

"हो. ती सध्या कामात असते फार."

केटेल्सनबाईंनी चष्मा काढला आणि त्याची काडी मिटली. "वुबेना, ती खोकी घेऊन खाली जात होती तेव्हा जिन्याचं दार मीच धरलं होतं." त्यांच्या आवाजात टोचणी नव्हती. "पुढच्या रविवारी या हवं तर. मला काही काम नसतं." तो आभार मानून बाहेर पडला. दोन दारांमधल्या त्या चार पावलांच्या जागेत ट्रे घेऊन तो बराच वेळ उभा राहिला, कारण आपल्या दाराची किल्ली खिशातून काढायची तर ट्रे खाली ठेवावा लागणार होता, आणि खाली वाकलो तर इथेच बसून राहू असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो ओक्तायच्या दुकानात गेला. ओक्ताय प्रवाळ विकायचा, आणि एन्नोशी त्याची पुष्कळ वर्षांची थट्टामस्करी होती. "या, आठ अंशवाले!" तो काउंटरमागून ओरडला. "आज आमच्या गरीबखान्यात कसे?" एन्नोने पाण्याची बाटली पुढे केली, आणि रुमालात गुंडाळून आणलेला पंपाचा दांडा. ओक्तायने पाणी यंत्रात घातलं, बटण दाबलं, थांबला, आणि थट्टा सोडून म्हणाला, "तेरा."

"पाच आठवडे मोजलं नव्हतं मी. तेवढ्यात चढलं असेल."

ओक्तायने पंपाचा दांडा नखाने खरवडला. त्यावर चुन्याचा जाड पांढरा थर बसला होता, जुन्या किटलीत बसतो तसा. "हा पाच आठवड्यांचा नाही. सहा-सात महिने लागतात याला. तुम्ही मधे काही बदललंत का? काही काढलंत टाकीतून?"

एन्नोने मोठा प्रवाळ कापला होता, मागच्या उन्हाळ्याच्या शेवटी. काचेला टेकायला लागला म्हणून अर्धा तोडून क्लबातल्या एकाला देऊन टाकला होता.

"मग झालंच की! खाणारी तोंडं अर्धी झाली आणि तुमचा पंप ताटात वाढतोय तेवढंच. हाडांसाठीचं सोड्याचं पाणी तो रोज तेवढंच सोडतोय ना? ते साठत गेलं. पण मास्तर, तुम्ही तर दर रविवारी मोजता."

"दर रविवारी मोजलं."

"आणि?"

"आठ."

ओक्तायने त्याच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि दुसरंच बोलला. "हे यंत्र घेऊन जा. डोळे नकोत, काही नको. पाणी घाला, बटण दाबा, आकडा येतो. वापरून बघा आणि आणून द्या सावकाश. आणि एकदम खाली आणू नका हं. जितक्या हळू चढलं तितक्याच हळू उतरू दे, नाहीतर उरलेलेही जातील."

यंत्र कोटाच्या खिशात घालून तो ट्रामच्या थांब्यावर आला. घराकडे जाणारी ट्राम आली आणि तो चढला नाही. त्याच्या डोक्यात आकडे फिरत होते. उन्हाळ्याच्या शेवटी आठ. शरद ऋतूत आठ. नाताळच्या आदल्या रविवारी, दिवाणखान्यात फर झाडाच्या फांद्यांचा वास होता तेव्हा, आठ. त्या प्रत्येक आठच्या वेळी पाणी नऊ होतं, दहा होतं, अकरा होतं. त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला, चौदा, पंधरा, सोळा, आणि लगेच तिचा. मधे श्वास घेण्याइतकीही जागा नाही. उत्तर त्याने स्वतःच मोठ्याने सांगितलं होतं, दर रविवारी, आणि तिने ते नुसतं परत दिलं होतं. समोरून नदीपलीकडे जाणारी ट्राम आली. तिला दाराशी लाल पट्टा होता की हिरवा, हे त्याला कधीच माहीत नव्हतं.

आल्मुटने दार उघडलं तेव्हा तिच्या हाताला ओला रंग होता. एक भिंत ती स्वतः रंगवत होती. "तू?" ती म्हणाली. "बरा आहेस ना?" तिने त्याला आत घेतलं, वर्तमानपत्राने झाकलेली खुर्ची मोकळी केली आणि कॉफी ठेवली. जागा छोटी होती आणि त्यात तिच्या वस्तू होत्या, ज्या त्याच्या घरातही होत्या, पण तिथे त्या त्याने पाहिल्या नव्हत्या: निळं की जांभळं ते न कळणारं भांडं, तिच्या आईचं घड्याळ, वेताची टोपली.

"तेरा," एन्नो म्हणाला.

"काय तेरा?"

"पाणी. तेरा अंश आहे. तू आठ म्हणायचीस."

आल्मुटने कपात चमचा फिरवायचं थांबवलं. "म्हणजे तू त्यासाठी आलायस."

"यंत्रावर बघितलं. केटेल्सनबाईंनीही बघितलं. ओक्ताय म्हणाला, सहा-सात महिने."

"असेल," ती म्हणाली. मग तिने हाताला लागलेला रंग पुसायला सुरुवात केली, एकेक बोट, दुसऱ्याच कुणाचा हात असल्यासारखा. "मी बघत नव्हते, एन्नो. तू मोठ्याने मोजतोस. सोळा आलं की मी बास म्हणायचे."

"केव्हापासून?"

"मला आठवत नाही. खरंच. आधी एकदा म्हटलं. डोकं दुखत होतं त्या दिवशी. तुला काही कळलं नाही. मग पुढच्या रविवारी पुन्हा."

"पण का?"

"कारण अठरा म्हटलं, की तू बाही वर करून खांद्यापर्यंत पाण्यात. मग दुपार गेली. सोळा म्हटलं, की तुझा चेहरा मोकळा व्हायचा, तू हात धुवायचास आणि आपण नदीवर फिरायला जायचो. मला ते फिरणं हवं होतं. दिवसभर, एन्नो, आठवडाभर मी लोकांच्या दातांचे रंग बघते. घरी आलं की रंग बघ. तुला कधी वाटलं नाही का, की हिचे डोळे दमले असतील?"

"तू सांगायचंस."

"सांगितलं होतं!" आता तिचा आवाज चढला. "आठवून बघ, किती वेळा सांगितलं. म्हटलं, ते यंत्र मिळतं ते आणू या. म्हटलं, एक रविवार राहू दे. म्हटलं, मला इथे एकटं वाटतं. तू म्हणालास, 'हो, हो.' तेही न बघताच म्हणालास."

एन्नोने आठवून पाहिलं. यंत्राचं बोलणं आठवलं. रविवारचं आठवलं, अंधुक. तिसरं आठवेना. ती कुठे उभी होती, काय घातलं होतं, तो तेव्हा काय करत होता, काहीच नाही. त्या जागी फक्त पंपाचा आवाज होता. तिने हे कधी म्हटलंच नाही असं म्हणावं असं त्याच्या मनात आलं. पण ती खोटं बोलत नाही हे त्याला माहीत होतं, आठ सोडून. तो कॉफी प्यायला. कॉफी गार झाली होती.

"मरतील का रे ते प्रवाळ?" तिने एकदम विचारलं.

"काही मरतील. मोठ्याची टोकं गेलीच आहेत."

तिने तोंडावर हात ठेवला. "मला तसं नको होतं. त्या बिचाऱ्यांनी माझं काय केलं होतं? मला वाटलं, पाणी तर ठीकच असतं नेहमी. तू एवढं सगळं करतोस, म्हणजे ठीकच असणार."

"मलाही तसंच वाटत होतं," तो म्हणाला.

आल्मुटने कप उचलून नळाखाली धरले. खालच्या अंगणात कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं. निघताना तो दाराशी थबकला आणि रंगवलेल्या भिंतीकडे बघून म्हणाला, "भिंत छान झालीये." ती हसली नाही. तिने त्याच्या कोटाची कॉलर नीट केली, आणि कॉलर धरूनच म्हणाली, "ऐक. पाण्यासाठी मला फोन करू नकोस. पुन्हा कधीच नाही. दुसऱ्या कशासाठीही कर. मी उचलीन."

पुढचे आठवडे त्याने सोड्याच्या पाण्याची धार कमी केली, मग अगदी थोडी ठेवली. यंत्र सोपं होतं. पाणी घालायचं, बटण दाबायचं, पुडीतलं रसायन टाकायचं, हलवायचं, पुन्हा बटण. आकडा येई, काळ्यावर पांढरा, आणि तो मनातच वाचायचा. बारा. साडेअकरा. अकरा. घरात त्याला स्वतःचा आवाज ऐकू येईनासा झाला. एकदा दुकानात पाव मागताना तो इतका घोगरा निघाला की विक्रेतीने विचारलं, सर्दी झालीये का. मोठा प्रवाळ डाव्या बाजूने मेला. पातळ कातडं सुटून पाण्यात तरंगायला लागलं आणि खाली हाड उघडं पडलं, स्वच्छ, खडूसारखं, आणि काही दिवसांत त्यावर शेवाळाची लव आली, जी त्याला करडी दिसत होती. उजवी बाजू जगली. छोटे बरेचसे जगले. पाणी आठवर आलं त्या दिवशी तो आकड्याकडे बघत बसला आणि त्याला काही वाटलं नाही. मग त्याने यंत्र पुसलं, डब्यात घातलं, ओक्तायसाठी दाराजवळ ठेवलं, पुन्हा काढून घेतलं, कारण ते परत दिलं तर पुन्हा केटेल्सनबाई, आणि केटेल्सनबाई किती वर्षं.

फोनजवळ तो रोज जायचा. दुसऱ्या कशासाठीही, असं ती म्हणाली होती, आणि हे दुसरं काय असतं ते त्याला सापडेना. कचेरीतून निवृत्त झाला होता, तिथलं काही सांगण्यासारखं उरलं नव्हतं. क्लबात काय चाललंय हे पाण्याचंच झालं. जेवण काय केलं हे सांगावं, तर त्याने डबाबंद सूप गरम केलं होतं. दोन माणसं एवढी वर्षं एका घरात राहतात तेव्हा काहीतरी बोलतच असणार. आपण काय बोलत होतो? त्याने शोधलं, आणि त्याच्या हाताला लागलं ते सगळं सूचनांसारखं होतं. दार लोट. दूध आण. नळी धर. तो एका रविवारी एकटाच नदीवर गेला. वारा होता. पलीकडच्या काठावर लोक कुत्री घेऊन चालत होते आणि एक बाई, उंच, पाठमोरी, क्षणभर आल्मुट वाटली आणि नव्हती. इथे ती कशाबद्दल बोलायची? ती बोलायची हे नक्की. तिचा हात त्याच्या हातात असायचा आणि ती बोलायची, आणि तो नळीच्या व्यासाचा विचार करायचा.

मार्च संपत आला होता. एका दुपारी त्याने नंबर फिरवला आणि पहिल्याच घंटेला त्याला फोन ठेवून द्यावासा वाटला, पण तिने उचलला.

"एन्नो? काय झालं?"

"काही नाही."

"पाणी?"

"नाही. पाण्यासाठी नाही." तो थांबला. खिडकीबाहेर बघितलं. "आज पाऊस नाहीये."

पलीकडून तिचं हसू, छोटं, नाकातलं. "अरे, मी ट्रामने सहा थांब्यांवर राहते. इथेही नाहीये."

"हो. तेही खरंच." त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "तू काय करत होतीस?"

पलीकडे कागद चुरगळल्याचा आवाज आला. "भांडी कागदात गुंडाळत होते," ती म्हणाली. "मी तुला कळवणारच होते. मी ल्यूबेकला जातेय, बहिणीजवळ. तिथल्या एका प्रयोगशाळेत अर्ध्या दिवसाचं काम मिळालंय. ही जागा सोडतेय महिन्याअखेरीस. कायमची जातेय, एन्नो."

'हो, हो' त्याच्या तोंडाशी आलं. जिभेवर तयारच होतं, सोळाव्या थेंबासारखं. त्याने ते गिळलं. फोन कानाला घट्ट धरून तो टाकीकडे पाठ करून बसला आणि शोधू लागला, आणि जे सापडलं ते त्याने विचारलं.

"तिथे तुझ्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

"काय?"

"खिडकी. कुठे उघडते?"

पलीकडे कागदाची चुरगळ थांबली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ती बसली होती. "पूर्वेला," आल्मुट म्हणाली, जपून, एकेक शब्द तपासल्यासारखी. "समोर शाळेचं पटांगण आहे. सकाळी ऊन येतं म्हणे. मला अजून सकाळची बघायला मिळाली नाही. मी गेले तेव्हा संध्याकाळ होती, आणि गंमत सांगू का तुला..." आणि ती सांगू लागली. तो मधे काही न बोलता, तिने काही विचारलंच तर उत्तर देता यावं म्हणून नीट लक्ष ठेवून, ऐकत राहिला.